कंपनीचा अहवाल कपाटात आला, म्हणजे पारदर्शकता आली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आरोग्य खात्यात तंबाखू नियंत्रणाच्या कामावर नव्याने रुजू झाला आहात. कायद्याप्रमाणे कंपन्यांकडून दरवर्षी जाडजूड अहवाल येतात आणि कपाटात जातात. वरिष्ठ म्हणतात, पारदर्शकतेची अट पूर्ण झाली. दुसरीकडे कंपन्यांचे प्रतिनिधी ‘प्रस्तावित नियमांबाबत चर्चा करायची आहे’ म्हणून भेटीची वेळ मागताहेत. अहवालांचं करायचं काय आणि भेटायचं की नाही, असे दोन वेगवेगळे प्रश्न तुम्ही विचारले आहेत. माझ्या मते प्रश्न एकच आहे, आणि सुरुवात भेटीपासून करावी लागेल.

बरीच वर्षं मी तंबाखू नियंत्रणाच्या नियमांचे मसुदे तपासतो आणि कंपन्यांनी सरकारांकडे भरलेली विवरणपत्रं वाचतो. तुम्ही देशाचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. तुमच्याकडे माहिती अधिकाराचा कायदा आहे का, तंबाखू कंपनीत सरकारचीच भागीदारी आहे का, आणि व्यापारी गुपिताला तुमची न्यायालयं कितपत संरक्षण देतात, या तीन गोष्टींनी उत्तर बदलतं. बाकीचं बहुतेक सगळीकडे लागू पडेल, कारण मोठ्या कंपन्या मोजक्याच आहेत आणि त्यांच्या युक्त्याही त्याच त्याच.

आधी मूळ अडचण. सिमेंट असो, मोटारी असोत की औषधं, सरकारची पद्धत ठरलेली असते. संबंधितांना बोलवायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं, त्यांच्याकडची आकडेवारी घ्यायची आणि मधला मार्ग काढायचा. तंबाखूच्या बाबतीत ही पद्धत फसते. मोटारीचे नियम कडक केले तरी मोटारी विकल्या जातातच, फक्त अधिक सुरक्षित. इथे मात्र माल कमी खपावा हेच नियमाचं उद्दिष्ट असतं. त्यामुळे मधला मार्ग काढणं म्हणजे उद्दिष्टाचाच एक तुकडा सोडून देणं.

हे अनुभवाने शिकावं लागलं, आणि शिकायला फार वेळ गेला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारं संशोधन प्रसिद्ध होऊ लागल्यावर डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन दिलं. त्यात संशोधनाला मदत करण्याचं आणि सार्वजनिक आरोग्य सांभाळणाऱ्यांशी कायम सहकार्य करण्याचं वचन होतं. चाळीस वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, हेन्री वॅक्समन यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर सात कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर सांगितलं की निकोटिनचं व्यसन लागतं असं त्यांना वाटत नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांच्याकडे ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीच्या अंतर्गत कागदांची पेटी निनावी येऊन पडली. निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे आणि आपण तेच विकतो, हे कंपनीच्या वकिलाने १९६३ सालीच लिहून ठेवलं होतं.

पुढे मिनेसोटा राज्याच्या खटल्यात १९९८ मध्ये तडजोड झाली आणि कंपन्यांना लाखो पानं खुली करावी लागली. ती आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचता येतात. या उद्योगाच्या कारभाराबद्दल आज जे पक्कं माहीत आहे, त्यातलं बहुतेक महत्त्वाचं असं न्यायालयाच्या आदेशाने किंवा कंपनीतून बाहेर पडलेल्या कागदांतून कळलेलं आहे. स्वखुशीने दिलेल्या अहवालांतून हाती लागलं ते फार थोडं. तुमच्या कपाटातल्या फायलींकडे बघताना एवढं लक्षात असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनाही यातून सुटली नाही. थॉमस झेल्टनर यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने हेच खुले झालेले कागद चाळून २००० साली अहवाल दिला: संघटनेच्या तंबाखूविरोधी कामात अडथळे आणण्यासाठी कंपन्यांनी वर्षानुवर्षं पद्धतशीर प्रयत्न केले होते, त्यासाठी सल्लागार पेरले होते आणि वरवर स्वतंत्र दिसणाऱ्या संस्था पुढे केल्या होत्या. संघटनेच्या तंबाखू नियंत्रण आराखडा कराराची बोलणी याच पार्श्वभूमीवर झाली. करार २००३ मध्ये मंजूर झाला आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. आज १८० हून अधिक पक्ष त्यात आहेत. अमेरिकेने सही केली पण अनुमोदन दिलेलं नाही. इंडोनेशियाने सहीसुद्धा केलेली नाही. तुमचा देश करारात असेल तर कलम ५.३ तुमच्या टेबलावरच ठेवा. तंबाखू नियंत्रणाची धोरणं उद्योगाच्या व्यापारी आणि इतर हितसंबंधांपासून जपणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. त्याची मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर २००८ मध्ये डर्बनच्या बैठकीत स्वीकारली गेली.

आता भेटीचं. कंपनीच्या माणसाला भेटूच नका असं या तत्त्वांत कुठेही म्हटलेलं नाही. तरी अनेक नवे अधिकारी तसा अर्थ लावतात, आणि मग कंपनीचा वकील ‘आमची बाजूच ऐकली नाही’ म्हणून न्यायालयात जातो. तत्त्वं म्हणतात ते वेगळं आहे: नियमनासाठी जितकं काटेकोरपणे आवश्यक तितकंच भेटा, आणि जे भेटाल ते उघड्यावर भेटा. वेष्टनावर धोक्याच्या सूचनेचं चित्र छापायला कंपनीला किती आठवडे लागतात हे विचारणं आवश्यक असू शकतं. सूचना वेष्टनाच्या किती टक्के भागावर असावी, हा कंपनीशी चर्चेचा विषयच नाही.

मी सहसा असं सुचवतो. वेळ मागणाऱ्या पत्राला फोनवर उत्तर देऊ नका, लेखी द्या, आणि चार ओळींत द्या: ‘आपलं म्हणणं कलमवार लेखी पाठवावं. ते खात्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलं जाईल. त्यानंतर स्पष्टीकरणाची गरज वाटल्यास खातं आपल्याला बोलावेल. त्या बैठकीचं इतिवृत्त खातं तयार करेल आणि तेही प्रसिद्ध होईल.’ एवढ्याने निम्म्या भेटी आपोआप गळतात. लेखी मांडता येत नाही असंच काहीतरी बोलायचं होतं, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. बैठक झालीच तर सरकारी कार्यालयात, किमान दोन अधिकाऱ्यांसमोर. जेवण नाही, एकत्र फोटो नाही, संयुक्त पत्रक तर नाहीच. कंपनीची माणसं ‘आम्ही इतिवृत्ताचा मसुदा पाठवतो, तुम्ही फक्त नजर टाका’ असं फार सौजन्याने सुचवतात. तिथे ठाम राहा.

इतिवृत्ताबद्दल जरा सविस्तर, कारण खरी मेख तिथे असते. नेहमीचं सरकारी इतिवृत्त असं असतं: ‘उद्योग प्रतिनिधींनी अंमलबजावणीतील अडचणी मांडल्या. त्यावर सकारात्मक चर्चा झाली. योग्य तो विचार करण्यात येईल असे सांगण्यात आले.’ तीन महिन्यांनी नियमाची मुदत वाढलेली असते आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे फाईलमधून कळायला मार्ग नसतो. मला इतिवृत्तात हवं असतं ते हे: कोणत्या कलमात बदल मागितला, बदलाचे नेमके शब्द काय होते, त्यासाठी कोणता अहवाल किंवा आकडा पुढे केला आणि त्याचे पैसे कुणी दिले होते, अधिकाऱ्याने काय उत्तर दिलं, आणि कोणतंही आश्वासन दिलं गेलं नाही हे स्पष्ट वाक्य. असं एक पानी इतिवृत्त कंपनीच्या शंभर पानी अहवालापेक्षा जास्त पारदर्शक असतं.

मात्र तुमचं खातं सोवळं राहिलं म्हणून भागत नाही. मुरलेला प्रतिनिधी आरोग्य खात्याचं दार क्वचितच ठोठावतो. तो अर्थ, वाणिज्य, शेती आणि कामगार खात्यांत जातो; तिथे तंबाखू म्हणजे महसूल, निर्यात, पीक आणि रोजगार. युरोपीय आयोगात हेच दिसलं. आरोग्य विभाग तंबाखू प्रतिनिधींच्या भेटी आपणहून प्रसिद्ध करत होता, बाकी बहुतेक विभाग करत नव्हते. २०१६ मध्ये युरोपीय लोकपाल एमिली ओ’रायली यांनी त्यावर गैरकारभाराचा ठपका ठेवला. फिलिपिन्सची गोष्ट तर बोलकीच आहे. तिथल्या २००३ च्या तंबाखू कायद्याने देखरेखीच्या आंतरविभागीय समितीत उद्योगाच्या संघटनेलाच खुर्ची दिली होती. त्याच देशात २०१० मध्ये नागरी सेवा आयोग आणि आरोग्य खात्याने संयुक्त परिपत्रक काढून सगळ्याच सरकारी नोकरांना उद्योगाशी अनावश्यक संपर्क ठेवायला मनाई केली. एका हाताने दार उघडं, दुसऱ्याने कडी. तुम्हाला कायदा बदलता येणार नाही, पण परिपत्रक काढण्याची शिफारस मात्र करता येईल, आणि ते सगळ्या खात्यांना लागू व्हावं असा आग्रह धरता येईल.

आता कपाटाकडे वळू. अहवालात काय आहे याआधी एक बघा: त्याचा नमुना कुणी ठरवला? कायद्यात ‘कंपनीने आवश्यक माहिती सादर करावी’ एवढंच मोघम लिहिलेलं असेल, तर नमुना कंपनीने ठरवलेला असतो, म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच प्रश्नपत्रिका काढल्यासारखं. मग खोगीरभरती होते. पर्यावरणासाठी काय केलं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण कसं झालं, किती झाडं लावली, सगळं सापडतं. तुम्हाला हवी ती ओळ तेवढी सापडत नाही.

याचं उत्तम उदाहरण घटकद्रव्यांच्या यादीचं. १९९४ मध्ये दडपण वाढल्यावर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी सिगारेटमध्ये वापरल्या जाणाऱ्या ५९९ पदार्थांची यादी जाहीर केली. आकडा भारदस्त होता, मथळे झळकले. पण ती सगळ्या कंपन्यांची मिळून एकच यादी होती. कोणत्या ब्रँडमध्ये कोणता पदार्थ, किती प्रमाणात आणि कशासाठी, यातलं काहीच त्यातून कळत नव्हतं. माहिती दिली, आणि तोंडाला पानंही पुसली. मग मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९६ मध्ये कायदा करून ब्रँडनिहाय, उतरत्या प्रमाणाने यादी मागितली. कंपन्या न्यायालयात गेल्या, व्यापारी गुपिताचा मुद्दा चालला, आणि २००२ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याचा तो भाग रद्द ठरवला. एकत्रित यादी आणि ब्रँडनिहाय यादी यांत कंपनीच्या दृष्टीने किती अंतर आहे, ते या खटल्यावरून कळतं.

तरीही माझं मत ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: मनुष्यबळ कमी असेल तर घटकद्रव्यांचा नंबर शेवटी लावा. कराराच्या कलम १० प्रमाणे ती माहिती सरकारला मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण पडताळणीसाठी प्रयोगशाळा लागते, आणि ती उद्योगाच्या पैशावर चालणारी नको. शिवाय लोकांना यादी नुसती दाखवली की ‘मिसळलेली द्रव्यं वाईट, शुद्ध तंबाखू बरा’ असा भलताच समज पसरतो. कंपन्यांनी त्याचा व्यापारही केला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘नैसर्गिक’ आणि ‘मिश्रणविरहित’ अशी जाहिरात करणाऱ्या तीन उत्पादकांना इशारापत्रं पाठवली होती. पान, कागद, मेंथॉल, काहीही जळलं तरी धूर तो धूरच.

आकडा खरा असूनही फसवा कसा असतो, ते टार आणि निकोटिनच्या मोजमापात दिसतं. जुन्या प्रमाणित पद्धतीत यंत्र मिनिटाला एक झुरका घेतं, ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा. फिल्टरवर बारीक छिद्रं पाडली की त्यातून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. माणूस मात्र ती छिद्रं नकळत ओठांनी किंवा बोटांनी झाकतो आणि निकोटिन कमी पडलं की जोरात ओढतो. कॅनडाने दुसरी, कडक पद्धत वापरली: ५५ मिलिलिटरचा झुरका, अर्ध्या मिनिटाला एक, छिद्रं पूर्ण बुजवून. त्याच सिगारेटचा आकडा मग कितीतरी वर जातो. वर्षानुवर्षं ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ म्हणून जे विकलं गेलं, ते कमी आकड्याच्या जोरावर. कंपनीने आकडा खोटा दिला नव्हता. मोजायचं कसं, हे सरकारने नीट ठरवलं नव्हतं. म्हणून युरोपीय संघाने २०१६ पासून हे आकडे वेष्टनावर छापायलाच बंदी केली.

मग आधी काय वाचायचं? माझ्या लेखी पहिला क्रमांक पैशाचा: प्रसिद्धी आणि विक्रीवाढीचा खर्च. अमेरिकेचा संघीय व्यापार आयोग १९६७ पासून सिगारेटबद्दल अहवाल काढतो आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून सक्तीच्या आदेशाने, स्वतः ठरवलेल्या रकान्यांत माहिती मागवतो. २०२२ सालचा खर्च सुमारे ८ अब्ज डॉलर होता. त्यात वर्तमानपत्रं, फलक वगैरेंचा वाटा नगण्य. सिंहाचा वाटा किरकोळ आणि घाऊक विक्रेत्यांना दिलेल्या किंमत-सवलतींचा. म्हणजे जाहिरातींवर निर्बंध आल्यावर पैसा संपला नाही, तो किमतीत मुरला. अर्थ खात्याने कर वाढवला तरी स्वस्त ब्रँडची किंमत अपेक्षेइतकी का वाढत नाही, याचं एक उत्तर त्या एका रकान्यात असतं. आयोगाच्या अहवालातही उणीव आहे: आकडे सगळ्या कंपन्यांचे मिळून असतात, कंपनीनिहाय नाही. पण रकाने सरकारने ठरवले आणि ते वर्षानुवर्षं जवळपास तसेच ठेवले, म्हणून तुलना करता येते.

तुमच्या कपाटातल्या अहवालांचं हेच करा. एका कंपनीचे लागोपाठच्या काही वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा आणि आकड्यांच्या आधी शीर्षकं वाचा. मी वाचलेल्या एका विवरणपत्रात ‘विक्री प्रोत्साहन’ हा रकाना एका वर्षी एकदम रोडावला होता. निर्बंध कामी आले असं वाटावं. पुढच्या पानावर ‘व्यापार सहकार्य व इतर’ असा नवा रकाना उगवला होता आणि रोडावलेली रक्कम बरीचशी तिथे जाऊन बसली होती. कायद्याच्या व्याख्येत ‘व्यापार सहकार्य’ हा शब्दच नव्हता. खात्याला त्यावर करता आली ती गोष्ट साधी होती: पुढच्या वर्षीच्या नमुन्यात ‘इतर’ या ओळीला मर्यादा घातली आणि तिच्यावरच्या रकमेचा तपशील बंधनकारक केला. ‘इतर’ ही ओळ दिसली की थांबायचं, ही सवय लावून घ्या.

दुसरा क्रमांक देणग्यांचा: संशोधन, संघटना, समाजकार्य आणि राजकीय वर्गण्या. कलम ५.३ ची मार्गदर्शक तत्त्वं ही माहिती मागायला स्पष्ट आधार देतात. उत्पादन, बाजारातला वाटा, प्रसिद्धी खर्च, महसूल, लॉबिंग, दानधर्म आणि राजकीय देणग्या असा त्यांत उल्लेखच आहे. ही माहिती का महत्त्वाची, ते डेबोरा बार्न्स आणि लिसा बेरो यांच्या १९९८ च्या अभ्यासावरून कळतं. दुसऱ्याच्या धुराचे परिणाम यावरचे १०६ आढावा-लेख त्यांनी तपासले. ३९ लेखांचा निष्कर्ष ‘अपायकारक नाही’ असा होता, आणि त्यातल्या २९ लेखांच्या लेखकांचा तंबाखू उद्योगाशी संबंध होता. लेखाचा दर्जा, विषय, साल यांनी निष्कर्षाचा अंदाज येत नव्हता. लेखकाच्या लागेबांध्यांवरून येत होता. म्हणून खात्याकडे आलेल्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर ‘खर्च कुणी केला’ हा शेरा मारायची पद्धत घाला. संघटनांचंही तसंच. १९८४ मध्ये स्थापन झालेली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना शेतकऱ्यांचा आवाज म्हणून मांडली गेली. पुढे खुल्या झालेल्या कागदांत तिच्यामागे सिगारेट कंपन्यांचा पैसा आणि मार्गदर्शन असल्याचं दिसलं. शेतकऱ्याची अडचण खरी असते. त्याच्या नावाने आलेलं निवेदन त्याचंच आहे का, हे तपासावं लागतं.

तिसरी गोष्ट तस्करीच्या आकड्यांची, आणि इथे अधिकारी हमखास गडबडतात. करवाढीचा प्रस्ताव आला की ‘बेकायदा माल इतके टक्के वाढेल’ असा अहवाल लगेच येतो, बहुधा मोठ्या सल्लागार कंपनीच्या नावाने आणि उद्योगाच्या खर्चाने. नमुना कसा घेतला, रिकामी पाकिटं कुठून गोळा केली, कायदेशीरपणे परदेशातून आणलेला माल वगळला का, हे विचारा. उत्तर आलं नाही तर आकडा फाईलवर घेऊ नका. इतिहासही विसरू नका. २००८ मध्ये कॅनडातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी तस्करीशी संबंधित प्रकरणात गुन्हा कबूल केला, आणि दंड व तडजोडीपोटी मिळून सुमारे १.१५ अब्ज कॅनेडियन डॉलर देण्याचं मान्य केलं. मालाचा माग ठेवण्यासाठी फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने कोडेंटिफाय ही यंत्रणा विकसित केली, इतर बड्या कंपन्यांनी ती स्वीकारली आणि सरकारांपुढे ती मांडली गेली. तंबाखू नियंत्रण कराराखालचा बेकायदा व्यापाराविरोधी प्रोटोकॉल, म्हणजे उपकरार, २०१२ मध्ये मंजूर झाला आणि २५ सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या आठव्या कलमाने याच ठिकाणी पाचर मारली: माग ठेवण्याची सरकारवर सोपवलेली जबाबदारी तंबाखू उद्योगाने पार पाडायची नाही आणि त्याच्याकडे सोपवायचीही नाही. तुमच्याकडे कुणी फुकट सॉफ्टवेअर देऊ केलं तर हे कलम दाखवा.

व्यापारी गुपिताबद्दल मी सुरुवातीला म्हटलं की ते देशावर अवलंबून आहे. मॅसॅच्युसेट्सचा अनुभव वर आलाच. उलट केनियात २०१४ च्या नियमांनी माहिती सादर करण्याची आणि उद्योगाशी संपर्क मर्यादित ठेवण्याची सक्ती केली, कंपनीने आव्हान दिलं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवले. मसुदा करताना मी दोन पायऱ्या सुचवतो: सरकारला सगळं द्यायचं, आणि लोकांपुढे काय ठेवायचं ते वेगळ्या कलमात. गुपिताचा दावा कंपनीने ओळीनिहाय, कारणासह करायचा. अख्ख्या अहवालावर ‘गोपनीय’ असा शिक्का चालणार नाही. खटला झाला तरी मग तो एका ओळीवर होतो, सगळा नियम कोसळत नाही.

पारदर्शकतेचं हत्यार उलटही फिरतं, हे जाणून ठेवा. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठाने किशोरवयीन मुलांच्या धूम्रपानाबद्दलच्या दृष्टिकोनाचा अभ्यास केला होता. त्याची मूळ माहिती फिलिप मॉरिसने माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागितली. विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण माहिती आयुक्तांपर्यंत गेलं आणि २०११ मध्ये बराच गाजावाजा झाला. मुलांनी विश्वासाने दिलेली उत्तरं कंपनीच्या विक्री विभागाला किती मोलाची, हे सांगायला नको. तेव्हा तुमचं खातं जे संशोधन करवून घेतं, त्यात व्यक्तींची माहिती पहिल्यापासून वेगळी आणि संरक्षित ठेवा. अर्जांचा पाऊस पाडून छोट्या खात्याला कामच करू न देणं, हाही एक मार्ग असतो. त्यावर उपाय एकच: जे द्यायचंच आहे ते आधीच संकेतस्थळावर टाकून ठेवणं.

राहिला सरकारच्या भागीदारीचा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड आहे. चीनमध्ये नियमन करणारी मक्तेदारी संस्था आणि सिगारेट बनवणारी राष्ट्रीय कंपनी या एकाच यंत्रणेच्या दोन पाट्या आहेत, आणि जगातल्या सिगारेटपैकी ४० टक्क्यांहून अधिक तिथे बनतात. जपानमध्ये जपान टोबॅकोचे किमान एक तृतीयांश शेअर सरकारकडे असावेत असा कायदाच आहे. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं. नॉर्वेने २०१० मध्ये आपल्या सरकारी निवृत्तिवेतन निधीतून तंबाखू उत्पादक वगळले, पण प्रत्येक अर्थ खातं तेवढं धाडस करत नाही. मार्गदर्शक तत्त्वं याबाबत नि:संदिग्ध आहेत: सरकारी मालकीच्या कंपनीला खासगी कंपनीचेच नियम. व्यवहारात मी एवढंच सुचवेन की शेअर सांभाळणारा विभाग आणि तंबाखू धोरण लिहिणारा विभाग वेगळे ठेवा, आणि भेटींच्या नोंदवहीत सरकारी कंपनीच्या संचालकांचंही नाव घाला. ते तुमच्याच इमारतीत बसत असले तरी.

तुमच्या कायद्यात माहिती सादर करण्याचं कलम नेमकं काय म्हणतं आणि नियमात नमुना जोडलेला आहे का, हे कळवलंत तर रकाने कसे असावेत ते ओळीनिहाय सांगता येईल. नमुना जोडलेला नसेल, तर तो बहुतेक वेळा कायदा न बदलता, नुसत्या अधिसूचनेने ठरवता येतो. पुढचं विवरणपत्र येण्याची तारीख बघून त्या आधी ते काम उरका.